पडलेल्याला उचलताना

प्रिय कान्हा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र राहीच्या हाती पाठवतोय. माझ्या बहिणीला तरी दारातून परत पाठवू नकोस. एकटा बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

दवाखान्यातले महिने संपल्यावर शहापूरच्या या पुनर्वसन केंद्रात येऊन मला पाच महिने झाले. कमरेखाली अजून काहीच कळत नाही. पण आता पलंगावरून खुर्चीत माझा मी जातो. मध्ये गुळगुळीत फळी ठेवायची आणि हातांच्या जोरावर सरकायचं. दोनदा पडलो. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची, दर पंधरा मिनिटांनी हात टेकून बूड उचलायचं. नाहीतर जखम होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सकाळी आरशात पाठ तपासतो, मग पुन्हा तपासतो. व्यायाम शिकवणाऱ्या रविना मॅडम म्हणतात, "नथू, घड्याळाशी लग्न कर हवं तर, पण खांदे जरा सैल सोड!" शेजारच्या खाटेवर मंगळ्याकाका आहेत, विहिरीत पडलेले. ते विचारतात, "एवढा जपून वागतो, मग झाडावर कशाला चढला रे?" सगळे हसतात. मीही हसतो.

ते झाड रोज डोळ्यांपुढे येतं. गेल्या वर्षी राबासाठी, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, आपण ऐनाच्या फांद्या तोडत होतो. मी वर, तू खाली मोळ्या बांधत होतास. फांदी माझ्याच कोयत्याने सुटली आणि तिच्याबरोबर मी. तू धावत आलास. काखेत हात घालून मला उठवून बसवलंस, पाणी पाजलंस. "नथ्या, बोल रे, काय तरी बोल," म्हणत मला हलवत राहिलास. मग घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली. पुढे तू, मागे तुझ्या हाकेला धावून आलेले सुदामकाका. सिद्धगडाच्या उतारावरून डांबरी रस्त्यापर्यंत दीड तास लागला. तुझा खांदा सोलून निघाला होता. आपल्याकडे असंच करतात. माझ्या आज्याला असंच नेलं, तुझ्या आईला बाळंतपणात असंच नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पडल्यावर पाय हलत होते का? मी म्हणालो, आठवत नाही. तेव्हा तू दारात उभा होतास. त्यानंतर तू आलाच नाहीस. मला वाटतं, मी खोटं बोललो हे तुला तिथेच कळलं होतं.

तर खरं ऐक. तू उठवून बसवायच्या आधी मी उजव्या पायाचा अंगठा हलवून बघितला होता. तो हलला होता. रस्त्यावर पोचलो तेव्हा हलत नव्हता. गेल्या महिन्यात मी इथल्या डॉक्टरांना हे सांगून विचारलं, बसवल्याने आणि झोळीत वाकल्याने मणका आणखी दुखावला का? ते म्हणाले, आतल्या सुजेनेही ताकद जाते, नक्की कोणीच सांगू शकणार नाही. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. म्हणजे तुझ्यामुळे झालं असं म्हणता येत नाही आणि नाही झालं असंही म्हणता येत नाही. खोटा दिलासा मला देता येत नाही. सुरुवातीला मला राग आला होता, कान्हा. दोन महिने मी तुझं नाव काढलं नाही. पण तू वर असतास आणि मी खाली, तर मीही तुला उठवून बसवूनच पाणी पाजलं असतं.

आता माघ लागलाय, तोड सुरू झालीय. यंदा तू जोडीला कोणालाच घेत नाहीस, एकटाच चढतोस, असं आई म्हणाली. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला रविना मॅडम मला घेऊन गावात येणार आहेत. पडलेल्याला कसं उचलायचं ते शाळेपुढे दाखवायचं आहे. बसवायचं नाही, झोळीत घालायचं नाही, घराचं दार काढून त्यावर सरळ घ्यायचं. हे ऐकताना सगळं गाव तुझ्याकडे बघेल. म्हणून मी मॅडमना आधी नको म्हणालो होतो. मग वाटलं, गावाच्या आधी तुला माझ्याकडून कळू दे. त्या दिवशी पडलेला माणूस मी होणार आहे. उचलायला पाच जण लागतात. एकाने डोक्याशी बसून मान दोन्ही हातांनी धरायची, आणि तो सांगेल तेव्हाच बाकीच्यांनी उचलायचं. चार नावं मी मॅडमना दिली आहेत. मानेशी तुझी जागा आहे. तिथे मी दुसरं नाव दिलेलं नाही आणि देणारही नाही.

तुझाच,
नथू