धनेशाची ढोली

भुशीवरली वाडी, १९६२

नागपूरच्या फोटूवाल्या सायबांना,

धनेशाची पिल्लं उडाली का, असं तुमी इचारलंत. कार्डावर मी ‘उडाली’ लिव्हलं. खरं ह्या कागदावर हाय, आन् ह्यो धाडायचा न्हाई.

मादी ढोलीत बसून ढोलीचं तोंड मातीनं लिंपून घेती. नर फटीतून तिला उंबरं भरवतो. समोरच्या खोपीत बारा दिस बसून तुमी फोटू काढलंत, तवा त्याचं माणसाचं भ्या ग्येलं.

तुमी ग्येलात, आन् त्याच खोपीत मी गलोल घिऊन बसलो. नर एका दगडात पडला. बायकोचं गुडघं धरलं व्हतं, धनेशाचं त्याल चोळायचं व्हतं. गुण आला न्हाई.

ढोलीतनं चार दिस हाका येत व्हत्या.

फुडल्या साली येणार म्हणता, या. ढोलीचं तोंड अजून लिंपल्यालंच हाय.

तुमचा वाटाड्या,
नवसू