ठोसा सोसणारं लाकूड

प्रिय मेघाली,

आपण हातानं वस्तू घडवणाऱ्यांच्या घरातल्या, आणि आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. वस्तू आपली, नाव दुसऱ्याचं. कामतघरच्या आपल्या विहाराच्या सभागृहात मान वर करून बघ. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव, घड्याळावर नाव, पाण्याच्या पिंपावर नाव. पंखा सुरू झाला की निदान ती नावं दिसेनाशी होतात, तेवढाच गारवा. पण त्या भिंती ज्या गवंड्यानं उभ्या केल्या, त्याचं नाव आज वस्तीत कुणाला सांगता येत नाही. तुझ्या पप्पांनी उभं आयुष्य लूमवर कापड काढलं. त्या कापडाच्या एका तरी ताग्यावर त्यांचं नाव आलं का? आणि तू पूर्णा गावातल्या त्या गोदामाच्या ऑफिसची दारं केलीस, ती ठेकेदारानं मालकाला 'आमच्या पोरांनी केली' म्हणून दाखवली, तेव्हा तू हातात पटाशी घेऊन तिथंच उभी होतीस. त्या रात्री तू जेवली नाहीस. मी काही विसरलेले नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. माझं पूर्ण बोलणं कुणी ऐकून घेणार नसेल तर मला गुदमरल्यासारखं होतं, हे तुला ठाऊक आहे. भावनाकडे तू दिलेला निरोप पोहोचला. विहारातल्या नव्या पोडियमवर सनमायका मारायचा तर मारा, मी जयंतीला येत नाही, आणि पोडियम मी केलाय हे कुणाला सांगू नका. भावना बिचारी तुझी मैत्रीण, निरोप सांगताना माझ्याकडे बघतही नव्हती.

गेल्या वर्षीची जयंती आठव. प्लायवुडचा तो जुना पोडियम, आणि माझा उजवा हात. बोलता बोलता मूठ आपटायची मला सवय, 'हे आम्ही सहन करणार नाही' म्हणत मी मूठ आपटली आणि वरची फळी सुटून पहिल्या रांगेत राहीबाईंच्या पायाशी जाऊन पडली. सगळं सभागृह हसलं. राहीबाई म्हणाल्या, "बाई, पोडियमनं तर आत्ताच सहन करायचं सोडलं." मीही हसले. घरी आल्यावर तू मात्र हसली नाहीस. तू माझी मूठ हातात घेऊन उलटीसुलटी बघितलीस आणि म्हणालीस, "आई, तुला ठोसा सोसणारं लाकूड लागेल."

मग तू निजामपुऱ्यात जायला लागलीस. तिथला एक जुना कारखाना बंद झाला होता, लूम भंगारात निघाले होते. लोखंड वजनावर गेलं आणि लाकडी दांडे बेकरीच्या भट्टीत जळायला हातगाडीवर चढत होते. धोट्याला इकडून तिकडे फेकणारे ते दांडे, दिवसात हजारो ठोसे मारणारे आणि तेवढेच अंगावर घेणारे. तू ते दोन पोती भरून रिक्षातून घरी आणलेस, तेव्हा मी तुझ्यावर ओरडले, कारण बसायला जागा उरली नव्हती. तू एक दांडा रंध्याखाली धरलास. वरचा काळा, तेलकट थर निघाला आणि आतून तांबूस, सरळ रेषांचं लाकूड वर आलं. चांभाराच्या दुकानात येतो तसा जुन्या चामड्याचा वास घरभर पसरला. तू म्हणालीस, ही धामण.

मग मला राहवेना. वाचनालयातून झाडांवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि दोन दिवस तेच वाचलं. धामण आपल्याच ठाण्याच्या, कोकणाच्या जंगलातली. सागाइतका मान तिला कुणी दिला नाही. सागाचे देव्हारे होतात, दारं होतात, सागाचं नाव जाहिरातीत येतं. धामणीची मात्र कुऱ्हाडीची दांडी होते, टांग्याची दांडी होते, आदिवासींचं धनुष्य होतं. जिथं लाकडाला मार खायचा असतो, वाकायचं असतं आणि तरी तुटायचं नसतं, तिथं धामण लागते. मार खाऊन न तुटणाऱ्यांच्या वाट्याला देव्हारा येत नाही, हे वाचून माझं रक्त असं तापलं की पुस्तक मिटून गच्चीवर फेऱ्या मारल्या.

तू ते दांडे एकाला एक चिकटवून शिकंज्यात आवळलेस, त्यांची फळी केलीस, आणि तिचा विहारासाठी नवा पोडियम उभा केलास. धोट्याच्या ठोशांनी पडलेले खड्डे तू घासून घालवले नाहीस. वर नुसतं जवसाचं तेल दिलंस आणि पुण्याला तुझ्या वर्कशॉपवर निघून गेलीस. जाताना म्हणालीस, जयंतीला येईन.

आणि मग नवशाकाका. माणूस वाईट नाही, हे तूही जाणतेस. विहाराची समिती तो एकटा ओढतो. पण त्याच्या डोळ्याला जे चमकत नाही ते गरीब दिसतं. तो म्हणाला, "लाकूड जुनं हाय, खड्डे पडलेत. पाहुणे काय म्हणतील? पांढरा सनमायका मारू, कडेला सोनेरी पट्टी." सनमायक्याचे पैसे द्यायला एक ट्रान्सपोर्टवालाही तयार झाला, पुढं त्याच्या नावाची पाटी लावायच्या अटीवर. हेच तुझ्या कानावर गेलं आणि तू निरोप धाडलास. पण त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही.

परवा रविवारी वंदना झाल्यावर समितीची बैठक बसली. मी बोलायला उभी राहिले, तुझ्याच पोडियममागे. तयारी करून गेले होते. धामण म्हटल्याबरोबर मागून कुणीतरी साप साप म्हणून ओरडलं, तिथूनच सुरुवात झाली. मी कुऱ्हाडीची दांडी सांगितली, धनुष्य सांगितलं, लवचिकपणा सांगितला, आपल्या कष्टाच्या इतिहासावर सनमायका मारू नका म्हणाले. मूठ आपटली, पुन्हा आपटली. फळी सुटली नाही, उलट हाताला हलकासा झोका देऊन परत जागेवर आली, तिचे दांडे लूमवर वागत होते तशीच. पण माणसं जांभया देत होती. नवशाकाका सनमायक्याच्या नमुन्यांचं कार्ड पंख्यासारखं हलवत वारा घेत होता. मेघाली, इतकी वर्षं मी सभा गाजवल्या, ही सभा माझ्या हातातून चालली होती.

तुझे पप्पा नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत होते. तुला माहीत आहे ते माझी भाषणं कशी ऐकतात. लूमच्या खडखडाटानं कान गेले, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच शब्द कळतो. शेजारचा टाळ्या वाजवतो तेव्हा तेही वाजवतात. पण परवा ते उठले आणि पोडियमजवळ आले. मला वाटलं दांड्यांतला एखादा ओळखीचा दिसला असेल. त्यांनी फळीच्या कडेवर पंजा ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी बोलत राहिले. थोड्या वेळानं बघते तर त्यांची मान हलत होती. मी आवाज चढवला की त्यांच्या भुवया वर जात होत्या, मी थांबले की तेही थांबत होते. शेजारी कुणी टाळी वाजवली नव्हती.

मग ते बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं. "नवशा, याच्यावर काय बी चिकटवू नको. हिचं बोलणं मला हाताला लागतंय."

कार्डाचा वारा थांबला. राहीबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच कुणी बघितलं का ते बघितलं. ज्या दांड्यांनी त्यांचे कान नेले, त्याच दांड्यांतून माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी तू आहेस, पोरी. हे तू ठरवून केलं नव्हतंस, मला माहीत आहे. तुला फक्त न तुटणारं लाकूड हवं होतं. पण सनमायका लावला असता, खाली गोंदाचा जाड थर आणि वर चकचकीत पत्रा, तर त्यांच्या पंजाला माझा एक शब्दही लागला नसता. आयुष्यात मी कुणाच्या अभिमानानं गप्प झाले असेन तर ती परवा, तुझ्या. पुढचं भाषण मला करताच आलं नाही.

नवशाकाकानं स्वतःच सांगितलं की पोडियम उघडाच राहील. ट्रान्सपोर्टवाल्याच्या पैशांतून नवी सतरंजी येईल, तिच्यावर त्याचं नाव खुशाल असू दे, लोक त्याच्यावर बसतील. मग तो हळूच म्हणाला, करणाऱ्याचं नाव तरी लावू, ठाण्याहून पितळी पाटी करून आणतो. मी नको म्हणाले. पितळ नको, रंग नको, दुसऱ्या कुणाचा हात नको. पुढच्या कडेचा मधला दांडा मी रिकामा ठेवायला सांगितला आहे, पप्पांचा पंजा होता तिथून वीतभर अंतरावर. आणि सगळ्यांसमोर शब्द दिला आहे की त्या दांड्यावर करणारीचं नाव येईपर्यंत मी त्या पोडियममागे उभी राहणार नाही. चौदा तारखेला जमिनीवर उभी राहून बोलेन, आणि तुझे पप्पा पुन्हा शेजाऱ्याकडे बघून टाळ्या वाजवतील. ते मला होऊ द्यायचं नाही, म्हणून हे पत्र. तेव्हा 'बरं' म्हणू नकोस. तेरा तारखेला, दुपारच्या आत, तुझी सगळ्यात बारीक पटाशी घेऊन ये आणि त्या दांड्यावर तुझं पूर्ण नाव तुझ्या हातानं कोर.

जय भीम.

वाट बघणारी, आणि मूठ आवरून बसलेली,
तुझीच आई,
ललिता