ईशान्येचा उतार

दि. ४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी सातवीचा भूगोल माझ्या गळ्यात मारला. मी भाषा शिकवते, असं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, नकाशाही वाचायचाच असतो. पहिल्याच तासाला एकीनं उत्तर दिशा कुठे म्हणून विचारलं, तर मी छताकडे बोट दाखवलं. भिंतीवरच्या नकाशात ती वरच असते ना! वर्ग अजून हसतोय.

कपाटात शाळेमागच्या डोंगराचा नकाशा सापडला. तपकिरी रेघांचा असा गुंता, की मला वाटलं कुणीतरी चहा सांडलाय. खाली बघते तर भूमापक म्हणून तुमचं नाव! वीस तारखेला पोरांना याच डोंगरावर न्यायचंय. तोवर मला माणसात आणा.

टोमणे कमी केलेत तरी चालेल, लोभ मात्र तेवढाच राहू द्या.

तुमची भाची,
भिंगरी

दि. ९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. छताचा मजकूर दोनदा.

आता नीट ऐक. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी राहा आणि डावा हात पसर. तिकडे साधारण उत्तर. नकाशावरचा बाण तिकडे वळव, म्हणजे कागद आणि जमीन एकमेकांशी बोलायला लागतात. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. पोरांना पावलं मोजायला लाव, तेवढीच तोंडं बंद राहतील. तपकिरी रेघा म्हणजे समोच्च रेषा; एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीच्या. रेषा दाटीवाटीनं आल्या की कडा समज. ऐसपैस असतील तिथून तुझ्यासारखी आळशीही हसत उतरेल.

परतताना ईशान्येच्या उतारानं या. लग्नाच्या वर्षी केलेला नकाशा आहे. डोळे मिटून चाललात तरी चुकणार नाही. मामी म्हणते, हा माणूस भाजीला गेला तर मागून शेजाऱ्याला धाडावं लागतं. तू मनावर घेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही पाठवली आहे; पोच दे.

तुझा मामा

दि. २१ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहोत, हे आधी सांगते.

चढताना कमाल झाली. टाकी, ओढा, दोन्ही सोंडा, नकाशात जिथे, तिथेच डोंगरावर. मग तुमच्या ईशान्येच्या उताराला लागलो. कवायतीचे सर पुढे होते. त्यांनी ऐटीत सांगितलं की छापील नकाशा खोटं बोलत नाही, आणि झुडपं बाजूला सारून पाऊल टाकलं. मामा, पुढे जमीनच नव्हती. सरळ कडा! सर घसरले ते एका झुडपाला अडकले. आम्ही ओढून काढलं. पँट तिथेच राहिली, बरीचशी.

मागे सत्तावीस मुलं होती. आमच्या वर्गात एक ठमी आहे, गणितात नापास, हट्टात पहिली. ती खाली बसली, नकाशा पुन्हा उत्तरेला लावला आणि म्हणाली की बाकी सगळं जुळतंय, हा एवढाच तुकडा थापा मारतोय. मग तिनंच पश्चिमेची सोंड दाखवली आणि आम्ही तिथून उतरलो.

तिनं विचारलंय की हा नकाशा काढणारे काका इथे आले होते का. मी ठणकावून हो म्हटलं. आला होतात ना, मामा?

उत्तर लवकर द्या. रागावले नाहीये, पण लोभ जरा थांबलाय.

भिंगरी

दि. २९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दोन पत्रं लिहून फाडली. एकात दरड कोसळली होती, दुसऱ्यात छापखान्याची चूक होती. मामीनं दोन्ही वाचली आणि म्हणाली, आता खरं लिहा.

गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी हिला बघायला जायचं होतं आणि तेवढा तुकडा उरला होता. तंबूत बसून ऐसपैस, सुबक रेघा ओढल्या. अडतीस वर्षं कुणी काही बोललं नाही, तेव्हा मीही खरंच मानायला लागलो. सत्तावीस पोरं, हा आकडा डोक्यातून जात नाही.

शुक्रवारी येतो. दुखऱ्या गुडघ्याचं काय ते बघू. पोरांना सगळं सांगून ठेव, काही झाकू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही.

मामा

दि. ६ फेब्रुवारी

सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

मामा पोचले. काल वर्गासमोर उभं राहून त्यांनी कान पकडले. कवायतीच्या सरांनी पँटचा विषय काढला. मामांनी त्यांचीही माफी मागितली. आज दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून ते डोंगर चढले. कड्यापासून लांब दोरी बांधली, पोरांनी मापं घेतली, मामांनी शिसपेन्सिलीनं रेघा अगदी खेटून काढल्या. दुपारी खूश होऊन त्यांनी शाईचं पेन उघडलं, तर ठमीनं नकाशावर हातच ठेवला. म्हणाली की कडा वरूनच बघितलाय, खालून अजून कोणीच गेलेलं नाही. मामा म्हणाले, खाली काय असणार ते मला इथूनच कळतं.

आणि बोलता बोलता थांबले. मग पेन बंद करून तिला विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं.

तेव्हा ते दोन दिवस उशिरा येतील. काळजी करू नकोस, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी