बाईंनी छापलेलं आमचं बोलणं

बाई, तुम्ही लवळ्यात आलात तेव्हा मी सतरा वर्षांची होते. गावात सातवी पास झालेली मी एकटीच मुलगी, म्हणून बायकांचं बोलणं तुम्हाला समजावून सांगायला मला नेमलं. आम्हाला स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती, तुमच्या देशात मात्र अजून गोऱ्यांचंच राज्य होतं. आमच्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर तुम्ही पुण्यात प्रौढशिक्षण शिकत होतात आणि शेवटचे आठ महिने एखाद्या खेड्यात राहून बायकांचा साक्षरता वर्ग चालवायचा, असं ठरलेलं होतं. पिरंगुटला एसटीतून उतरून तुम्ही चालत आलात. डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि तिला हातसुद्धा लावलेला नाही. वाटेवर उभ्या असलेल्या बायका तुमच्या केसांकडे, रंगाकडे बघत होत्या. माझी आई मात्र त्या ट्रंकेकडे बघत होती. "कामाची हाय," एवढंच ती म्हणाली, आणि तुमची राहायची सोय आमच्याच पडवीत झाली.

तुम्हाला मराठी येत होतं, पण ते पुस्तकातलं. "कृपया मला पाणी द्यावे," असं तुम्ही पहिल्या दिवशी आईला म्हणालात आणि ती हसून हसून खालीच बसली. आमचं बोलणं तुम्हाला कळत नव्हतं आणि तुमचं आम्हाला. त्यामुळे माझं काम विचित्रच होतं. मराठीचं मराठीत करून सांगायचं. बायका बोलायच्या ते मी शाळेत शिकलेल्या भाषेत तुम्हाला सांगायची. खरं सांगायचं तर मला त्या कामाचा फार ताठा होता. आमच्या गुरुजींनी सात वर्षं माझं 'हाय' आणि 'न्हाई' छडीनं काढून टाकलं होतं. आता माझ्यासमोर त्याच बोलीत बोलणाऱ्या पंधरा-वीस बायका बसलेल्या असत, आणि त्यांचं बोलणं धुऊन, नीट घडी घालून तुमच्यापुढे ठेवणारी मी एकटी.

पहिल्याच आठवड्यात धनगरवस्तीवरची ती उंच बाई मेंढरं पोराबाळांवर सोडून वर्गाला आली. अक्षरं शिकण्याआधी तिनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "इचार हिला, पोरं किती हायेत? कुणापाशी ठिवून आलीया?" तुम्ही माझ्याकडे बघत थांबलात. परक्या पाहुणीला असलं विचारायचं नसतं, असं मला वाटलं. आपलं गाव किती अडाणी, असंही वाटलं. मी म्हणाले, "त्या विचारतात, इथली हवा मानवली का?" तुम्ही हसून म्हणालात, "होय, हवा उत्तम आहे." मीही तिच्याकडे वळून ठोकून दिलं, "पोरं न्हाईत म्हणतात." त्यानंतर तीन महिने किती जणींनी हाच प्रश्न विचारला असेल! प्रत्येक वेळी मी काहीतरी वेगळं सांगितलं. कधी हवा, कधी पाणी, कधी घरची खुशाली.

तो दिवस मला अजून दिसतो. भातं कापून झाली आहेत. मी ओढ्यावर धुणं घेऊन गेलेय. आई चुलीवर नाचणीची आंबील ढवळतेय. त्या वासानं तुम्ही स्वयंपाकघरात आलात. पुढे तुम्हीच मला सांगितलंत, तुमच्या त्या मोठ्या तळ्याकाठच्या गावात तुमची आई अशीच नाचणी शिजवायची, आणि हे धान्य इथंही असेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी धुणं घेऊन परत आले तर आंबील तळाला लागून करपलेली, आणि तुम्ही दोघी चुलीपुढे जमिनीवर बसलेल्या. तुमचा हात आईच्या मांडीवर होता. दोघींचेही डोळे लाल होते. मधे सांगायला मी नव्हते, म्हणून आईनं सरळ जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा धरून, मान हलवून विचारलं होतं. आणि तुम्हाला कळलं होतं.

तुम्ही मला अंगणात घेऊन गेलात. आवाज चढवला नाहीत. "तीन महिने," तुम्ही म्हणालात, "मला वाटत होते की या गावात माझ्या मुलीबद्दल विचारावे असे एकाही बाईला वाटत नाही. मी मनात म्हणत होते, किती कठोर स्त्रिया आहेत या. त्या रोज विचारत होत्या, होय ना?" मी मान खाली घातली. "मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल." "वाईट वाटायचे की नाही, ते तू का ठरवलेस? तू माझे कान आहेस. कानाने ऐकायचे असते, निवडायचे नसते."

मग तुम्ही सांगितलंत. मुलगी पाच वर्षांची होती. नवरा आधीच गेलेला. तुम्ही शहरात शिक्षिकेचं काम करत होतात आणि ती आजीजवळ तळ्याकाठी राहायची. तुम्ही तिला एक गोष्ट सांगायचात, मासे पकडायला गेलेल्या एका खोडकर मुलीची. एकदा तिनं विचारलं, ही गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे? तुमच्या भाषेत तेव्हा प्रार्थनेचं पुस्तक होतं, दुसरं काही नव्हतं. शाळेतल्या पुस्तकांत बर्फ पडायचा आणि गोरी मुलं त्यात खेळायची. म्हणून तुम्ही वहीची पानं शिवून स्वतःच एक पुस्तक लिहिलंत, चित्रं काढलीत. ते घेऊन गावी पोचलात तर मुलीला गोवर झालेला. चौथ्या दिवशी ती गेली. पुस्तक तिच्याबरोबरच मातीत ठेवलं. पुढे शहरातल्या एका प्रकाशकाच्या कचेरीत तुम्ही ती गोष्ट पुन्हा लिहून नेलीत, तेव्हा तिथला साहेब म्हणाला, या भाषेत वाचणार कोण? "म्हणून मला छापायला शिकायचे आहे," तुम्ही म्हणालात. "लिहिणाऱ्याला कुणी थांबवत नाही. छापणारे थांबवतात."

त्या दिवसापासून मी सगळं जसंच्या तसं सांगायला लागले आणि तुम्ही ते जसंच्या तसं वहीत लिहायला लागलात. आईनं पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. धनगरवस्तीवरच्या बाईनं वाघानं नेलेल्या मेंढीचं सांगितलं, आणि त्या मेंढीच्या कोकराला स्वतःच्या लेकराबरोबर अंगावर पाजल्याचंही सांगितलं. ते ऐकून तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. दर शनिवारी तुम्ही पुण्याला जायचात. एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकत होतात, हे तुमच्या कॉलेजलाही माहीत नव्हतं. एकदा मलाही नेलंत. शिशाची उलटी अक्षरं जुळवून मालकांनी त्यावर शाई फिरवली, कागद दाबला, आणि त्यावर माझ्या आईचं वाक्य उमटलं, 'मी लई भ्याले व्हते.' मी म्हणाले, "बाई, हे 'फार घाबरले होते' असं हवं." तुम्ही कागद उजेडाकडे धरून बघत होतात. "ती घाबरली नव्हती," तुम्ही म्हणालात, "ती भ्याली होती."

पातळसं पुस्तक झालं. वर्गातल्या बायका ते भराभर वाचायला शिकल्या, कारण पुढचा शब्द काय येणार हे त्यांना ठाऊकच असायचं. आई चुलीपुढे बसून स्वतःचं पान वाचायची आणि मधेच मान वर करून म्हणायची, "बराबर लिवलंय."

मग साक्षरता वर्गांचे साहेब तपासणीला आले. त्यांनी दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटलं. "हे असलं अशुद्ध मराठी सरकारी वर्गात?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "या असेच बोलतात." त्यांनी मला चावडीत एकटीला बोलावलं. चहा दिला. मी हुशार आहे, मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घालायचं त्यांच्या मनात आहे, असं म्हणाले. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं, तेही त्यांना ठाऊक होतं. मी फक्त एवढं लिहून द्यायचं होतं: बायका शुद्ध बोलत होत्या, मीही शुद्ध सांगितलं होतं, परदेशी असल्यामुळे बाईंच्या ऐकण्यात चूक झाली. मी लिहून दिलं. खाली सही केली.

पुस्तकं गोळा करून पौडला नेली. धनगरवस्तीवरच्या बाईनं तिचं दिलं नाही. "माजी मेंढी हाय त्यात," ती शिपायाला म्हणाली, "तुजं काय हाय?" वर्ग बंद झाला आणि तुम्हाला दोन महिने आधीच परत बोलावलं. साहेबांनी जाताना माझा कागद तुमच्या हातात दिला होता. तुम्ही तो वाचलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुझे अक्षर सुंदर आहे." मग ट्रंक डोक्यावर घेतलीत. आई पिरंगुटपर्यंत तुमच्याबरोबर चालत गेली. मी घरातच थांबले.

मला कॉलेजात प्रवेश मिळाला. तीन वर्षांनी तुमचं पहिलं पाकीट आलं. तुमचा देश स्वतंत्र झाला होता, नव्या सरकारनं तुम्हाला शिक्षणखात्यात मोठी जागा दिली होती, आणि इंग्रजीतलीच पुस्तकं छापायची असतील तर मी नको, असं सांगून तुम्ही ती सोडलीही होती. तुमच्या आईच्या घरामागच्या मासे वाळवायच्या छपरात एक जुनं पायानं चालवायचं छपाईचं यंत्र बसवलं होतंत. पाकिटात त्या यंत्रावर छापलेलं पहिलं पुस्तक होतं. मासे पकडायला गेलेल्या मुलीची गोष्ट. लिपी रोमन, भाषा तुमची, मला एक शब्द कळेना. पण प्रत्येक ओळीखाली तुम्ही पेन्सिलीनं मराठी लिहिलं होतं. मी सुट्टीत घरी आले तेव्हा आईला वाचून दाखवायला बसले, आणि पहिलीच ओळ थांबून पुन्हा वाचली. 'एक पोरगी हाय. लई खोडकर हाय. कुनाचं ऐकत न्हाई.' कृपया पाणी द्यावे म्हणणाऱ्या तुम्ही! आईनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "ही तर आमच्यावानीच बोलती की. फुडं वाच."

पुढच्या पत्रांतून तुमचं आयुष्य मला कळत गेलं. पुस्तकांची बोचकी बांधून तुम्ही बोटीनं तळ्याकाठचे बाजार करायचात. मासळी विकणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून पुस्तकं विकायचात, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना तिथंच शिकवायचात. पुढे त्यांच्याच गोष्टी छापू लागलात. एका वर्षी तुमच्या सरकारनं छपराला कुलूप लावलं. तुम्ही यंत्र दुसऱ्या गावी हलवलंत. म्हातारपणापर्यंत छापत राहिलात. मी प्रत्येक पत्राला उत्तर दिलं. पाऊसपाणी, आईची तब्येत, माझी बदली. शाळेत तेहेतीस वर्षं मी पोरांच्या वह्यांतलं 'हाय' लाल शाईनं खोडलं, तेही तुम्हाला कधी कळवलं नाही.

तुम्ही गेल्याचं तुमच्या भाचीनं कळवलं, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. छापखाना तीच चालवते. गेल्या वर्षी तिचं पुन्हा पत्र आलं. तुमच्यावर पुस्तक काढतायत, तुमच्या भारतातल्या दिवसांबद्दल मी लिहावं. डोंगरावर आता मोठी कॉलेजं झालीत, तिथं शिकणारी एक मुलगी आमच्याकडे भाड्यानं राहते. मी सांगत गेले, ती इंग्रजीत टाइप करत गेली. तुमच्या लेकीबद्दल लिहिलं, करपलेल्या आंबिलीबद्दल लिहिलं, छापखान्याबद्दल लिहिलं. वर्ग बंद पडला तिथं पोचलो तेव्हा मी सांगितलं, 'सरकारी कारणांमुळे.' मुलीचे हात थांबले. "आजी, म्हणजे नेमकं काय झालं होतं?" मी म्हणाले, "इतक्या वर्षांनी कुठं आठवतंय."

आठवतंय, बाई.