आईंचं तिखट सूप

शनि. १ फेब्रु., वरसे
सासूबाईंना पेणच्या दवाखान्यातून इकडे आणलं. न्यूमोनिया गेला, जाताना भूक घेऊन गेला. कवळी सैल झालीय, डबीतच पडून. पेज दिली तर तोंड फिरवलं. "माझं झालं आता. कशाला उगा?"
डॉक्टर म्हणालेत, पुढच्या शनिवारपर्यंत जेवण सुरू झालं नाही तर परत अॅडमिट. ह्यांनी मान डोलावली. मी नाही. तिखट चालेल का, विचारलं होतं. "खाल्लं तर काहीही चालेल."
जन्म मिठागरात गेलेल्या बाईला पांचट पेज कशी जाणार?

रवि. २
मोबाइलवर बघून चिकन नूडल सूप. चावायची कटकट नाही. पाकिटातल्या नूडल्स, आईंच्याच हातचा मसाला, वरून क्रीम. रंग इतका सुरेख की आधी मीच वाटीभर प्यायले.
आईंनी वास घेतला. "पांढरं काय घातलंस?"
खोटं बोलायला हवं होतं. "साय, आई."
"कोंबडीत दूध? अंगावर कोड उठंल गो." वाटी सरकवली.
ह्यांनी दोन वाट्या संपवल्या. अजून तरी कोड नाही. मी भांडी घासताना रडले. रागानेच जास्त.

सोम. ३
आईंचा वार. कोंबडीचं नाव काढायचं नाही. दिवसभरात अर्धा कप चहा. "वार पाळायला माणूस तर उरलं पाहिजे" अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.
नारळ आणून ठेवलेत. गाईचं चालत नाही तर नारळाचं दूध.

मंगळ. ४
घाई नडली. नारळाचं दूध घालून गॅस मोठा ठेवला आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. आले तर सगळं फाटलेलं. वर तेल, खाली चोथा, नूडल्स फुगून गांडुळं. तरी नेलं.
आई डोकावल्या. "भांडी धुतल्याचं पाणी मना देतंस?" आणि हसल्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा. खाल्लं नाहीच. मी वाटी उचलली तर मागून, "ही रबरं नको. घालायच्या तर घरच्या शिरवळ्या घाल."
म्हणजे घालायच्या! उद्या बघतेच.

बुध. ५
माळ्यावरून सोऱ्या काढला. तांदळाच्या उकडीचे गोळे शिजवून गरमच दाबावे लागतात, हात भाजला. असू दे. रस्सा झणझणीत. गॅस बारीक, नारळाचं दूध अगदी शेवटी, आणि मी तिथून हललेच नाही.
भरवायला गेले तर वाटी ओढून घेतली. "मी काय पोर हाय?"
थोड्या शिरवळ्या गेल्या. रस्सा भुरकला. नाकातून पाणी. मी पदराला हात पुसत उभी, उगाच.
"मीठ कमी हाय."
दिलं. आणखी दोन घास. मग वाटी खाली. निम्मं तसंच. ह्याला डॉक्टर जेवण म्हणतील का, कोण जाणे.
"उद्या परत करू?"
"उद्या गुरवार." डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. वाटी घेऊन दारापर्यंत आले तेव्हा म्हणाल्या, "परवा कर. मीठ बघून."
'माझं झालं' म्हणणारी बाई परवाचं सांगतेय. स्वयंपाकघरात येऊन उरलेलं सूप उभ्यानेच प्यायले. मीठ खरंच कमी होतं.
शुक्रवारी कोंबडी आणायची. शनिवारचं शनिवारी बघू.