दोरा मी जाळला होता

११ फेब्रुवारी

नाही म्हणाले. सर चौकशी समितीसमोर चक्क नाही म्हणाले! "स्क्रू झिजल्याचं बाईंनी मला सांगितलं नव्हतं." टपालने सांगितलं – आमचा शिपाई, बातम्या पोचवतो म्हणून सगळे टपालच म्हणतात. चहा घेऊन तोच आत गेला होता. तीनदा विचारलं त्याला. तिन्ही वेळा तेच वाक्य.

एकोणीस वर्षं एका प्रयोगशाळेत काढली. त्यांनी भौतिकशास्त्र शिकवायचं, मी मांडामांड करायची. आणि हे फळ.

१२ फेब्रुवारी

चार तारखेपासून घरीच आहे. चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही, असं पत्र आहे. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

तीन तारखेचा तो दिवस डोक्यातून जात नाही. दरवर्षीचाच प्रयोग. छताच्या हुकाला तारेने टांगलेला आठ किलोचा लोखंडी गोळा. सर भिंतीला पाठ लावून उभे राहतात. गोळा त्यांच्या हनुवटीला टेकेल असा मी दोऱ्याने ओढून बांधते. हाताने सोडला तर नकळत धक्का बसतो, म्हणून दोरा काडीने जाळायचा. गोळा जातो, परत येतो, हनुवटीच्या बोटभर अलीकडे थांबतो. मुलं किंचाळतात. सरांची पापणी हलत नाही. मग त्यांचं ठरलेलं वाक्य – "गोळ्याला मर्जी नाही. तुम्हालाही नाही. तुमचा फक्त गुंता जास्त."

यंदा गोळा गेला तो परत आलाच नाही. झिजलेल्या स्क्रूमुळे वर तारेची पकड सुटली. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या पायावर पडला. तीन हाडं मोडली. दवाखान्यात जाईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

१४ फेब्रुवारी

सर घरी आले होते! दारात चपला नीट जुळवून ठेवल्या, नेहमीसारख्या.

"बाई, माझा तुमच्यावर राग नाही."

माझ्यावर!

"त्या क्षणी तुमच्या मेंदूची जी अवस्था होती, तिच्यातून दुसरं काही घडूच शकत नव्हतं. समितीलाही हेच सांगितलं मी. दोष कुणाचाच नाही."

"आणि तुम्ही खोटं बोललात, तेही घडणारच होतं का?"

"मी खोटं बोललो नाही."

"जिन्यात सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही 'बघू' म्हणालात."

ते म्हणाले, "मला नाही आठवत, बाई." चहा विचारला नाही. पहिल्यांदाच कुणाला घरातून तसं जाऊ दिलं.

१५ फेब्रुवारी

काय सोय आहे बघा! स्वतः नामानिराळं राहायचं आणि वर समोरच्याला माफही करून टाकायचं. म्हणजे मी पण गोळाच. कुणीतरी बांधला, कुणीतरी सोडला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं होतं मी – सर, अणूंच्या आतलं तर म्हणे आधी नक्की सांगताच येत नाही, मग तिथे जागा नाही का आपल्या मर्जीला? हसले. म्हणाले, "बाई, फासे कसे पडतील ते ठरलेलं नसतं, म्हणून काय फासे विचार करतात?" तेव्हा मलाही हसू आलं होतं. आज अंगाचा तिळपापड होतोय. फाशांनी कधी कुणाचा विश्वासघात केलेला ऐकला नाही. त्याला माणूसच लागतो.

या माणसाच्या हनुवटीपाशी एकोणीस वेळा काडी पेटवली मी. एकदाही चटका बसू दिला नाही.

१७ फेब्रुवारी

नोकरीची सातच वर्षं राहिली होती.

१८ फेब्रुवारी

लेक म्हणाली, "आई, तू रोज लिहितेस ना? मग जिन्यात सांगितलंस त्या दिवसाचं पान दाखव की त्यांना."

सुचलंच नव्हतं! जुनी वही प्रयोगशाळेच्या खणातच राहिली, म्हणून तर ही नवी घेतली. टपालला बोलावून किल्ली दिली. परवा अकराला माझी पाळी आहे समितीपुढे. वही टेबलावर ठेवणार, तारखेसकट. मग बघते कुणाला काय आठवतं ते. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१९ फेब्रुवारी

टपाल वही देऊन गेला. २ फेब्रुवारी, अक्षर माझंच –

"पकडीचा स्क्रू झिजलाय. सर जिन्यात दिसले, कारकुनाला 'बघू, बघू' करत होते. सकाळी सगळ्या वर्गासमोर मला बोलले, आता मी आपणहून नाही सांगणार. उद्या तार सरकून अडकू दे गोळा मध्येच. होऊ दे एकदा फजिती."

त्यांच्या मागे दोन पायऱ्यांवर होते मी.

सरांचं ते म्हणणं आज पहिल्यांदा हवंसं वाटलं. दुसरं काही घडूच शकत नव्हतं – दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

वही पिशवीत घातली आहे. उद्या अकराला जायचंय.

सांगता आलं असतं मला.