बरडातला मीटरभर खड्डा

हिमाचल प्रदेश,
६ नोव्हेंबर २००५

तीर्थरूप बांना,
शि. सा. न.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. महिनाभर देवदारांच्या जंगलात खड्डे खणत होते. याडीला सांगा, एवढं शिकूनही तिच्या पोरीच्या हातची माती काही सुटली नाही.

काम सोपं करून सांगते. पाला कुजला की त्यातला कार्बन, कोळशात असतो तोच, मातीत साठून राहतो. आख्खा डोंगर काही खणता येत नाही. म्हणून रंग, पोत, खोली पाहून मातीचे प्रकार पाडायचे, प्रत्येक प्रकारात मीटरभर खोल थोडे खड्डे घ्यायचे, आणि तो प्रकार किती पसरलाय ते नकाशावरून काढून हिशेब करायचा. माझा आकडा निघाला हेक्टरी एकशे साठ टन! जानेवारीत देशभरच्या शास्त्रज्ञांपुढे तो मी वाचणार आहे. इथे मारेगाव म्हटलं की लोक कापसाच्या वाईट बातम्यांचंच विचारतात. आता दुसरंही काही विचारतील.

तुमची माया अशीच पत्रातून येत राहो.

आपली,
शीला

तांडा, ता. मारेगाव,
२४ नोव्हेंबर २००५

चि. शीलास,
अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र मी तांड्यात चारदा वाचून दाखवलं. नायकानं गूळ वाटला. राजूरच्या खानीत लोक जमिनीतून कोळसा काढून राह्यले अन् माही पोट्टी तो जमिनीत किती राह्यला ते मोजून राह्यली, असं साऱ्याईले सांगतलं. तुही याडी म्हनते, बुढा लय फुगला.

यंदा कापसाची पराटी लाल पडली, वेचनी लवकर आटपली. रिकामा होतो, तं तुह्यासारखा मीटरभर खड्डा आपल्या बरडाच्या हलक्या वावरात खंदून पायला. दहा टोपले माल निघाला, त्यातले चार टोपले नुसते गोटे. मंग मले एक शंका आली. तू माती चाळून तपासून राह्यली, असं मांगं लिहलं होतं. मंग हिशेबाच्या वक्ती अख्खा खड्डा मातीचा धरला का गोटे काढून? डोंगरात तं गोटे जास्तच असन. आपले जुने लोक बैलाईवर मीठ वाहत, तं गोनीतले खडे काढल्याबिगर माप घेत नसत. माहं चुकलं असन तं हासून सोडून दे.

थंडीत कान बांधून फिरत जाय.

तुहा बा,
शंकरसिंग

हिमाचल प्रदेश,
१० डिसेंबर २००५

तीर्थरूप बांना,
शि. सा. न.

हसू आलं नाही, बा. लगेच हिशेबाची वही उघडली. चाळलेल्या मातीतला कार्बन मी अख्ख्या खड्ड्याला लावला होता. पायथ्याची मऊ माती आणि उतारावरची दगडाळ, दोन्ही एकाच प्रकारात घातल्या होत्या. खड्ड्यांचे फोटो पुन्हा पाहिले, उतारावर तिसरा हिस्सा दगडच आहेत. एकशे साठाचे शंभराच्या आसपास येतील.

चूक माझ्या मार्गदर्शक सरांच्याही लक्षात आली नव्हती. पण नायकाने वाटलेला गूळ डोळ्यांपुढून हलेना. शेवटी सरांना सगळं सांगितलं आणि जानेवारीतला निबंध मागे घेतला. सरांनी विचारलं, हे कुणी दाखवून दिलं. वडिलांनी, म्हटलं, मारेगावच्या बरडात खड्डा खणून. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला, यापुढे प्रत्येक खड्ड्यातले दगड वेगळे तोलायचे. बर्फ वितळलं की मेमध्ये मी पुन्हा वर जाईन.

पण तांड्याला तुम्ही काय सांगाल? माझ्यामुळे मान खाली गेली असेल तर माफ करा.

आपली,
शीला

तांडा, ता. मारेगाव,
२८ डिसेंबर २००५

चि. शीलास,
अनेक आशीर्वाद.

मान खाली कायले जाईन वं? तुहं पत्र तसंच्या तसं तांड्यात वाचलं, चुकीच्या जागी आवाज बारीक नाई केला. जमनी मावशीनं इचारलं, मंग पोट्टी नापास झाली का. मी म्हनलो, खोटे एकशे साठ तिच्या हातात होते, ते टाकून ती खरे शंभर आनाले चालली. या बारीनं गूळ तुह्या याडीनं वाटला.

खड्डा बुजवला नाई. तुहा भाऊ शाम म्हनते, पुढच्या साली तिथं पराटी कमी लागन. लागू दे. परवा पेपरवाले आलते, कोनाचं काय बुडालं ते इचारत. मी त्याईले खड्ड्यापाशी नेलं, गोट्याचे चार टोपले दाखवले, अन् म्हनलो, लिहा, इथं माह्या पोरीची चूक सापडली अन् तिनं ती सोताहून सांगतली. त्याईनं ते लिहून नाई घेतलं. म्हनून मी लिहून राह्यलो.

लोभ हाय तो वाढत जावो, गोटे काढून मोजला तरी.

तुहा बा,
शंकरसिंग